ओष्ठ्य वर्ण

आपणांस ऐकू कमी येते, हे आम्हांस कळले ते २०२० साली, दिल्लीत माणसांच्या तोंडांवर मुखपट्ट्या चढल्या तेव्हा. तोवर आपण कानांनीच ऐकतो, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. कचेरीच्या बैठकीत समोरच्यांचे ओठ लपले आणि नुसते डोळे लुकलुकताना दिसू लागले. म्हणजे इतकी वर्षे आमचे डोळेच कानांची नोकरी बिनपगारी करीत होते!

श्रवणयंत्र आणले. आवाज वाढला; पंख्याचाही वाढला. मग ओठ वाचण्याचा अभ्यास आम्ही रीतसर आरंभिला. शाळेत घोकलेले कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य असे कामास येईल, हे तेव्हा कोणास ठाऊक! कवर्ग घशातच राहतो, तो दिसावयाचा नाही. पवर्ग ओठांवर स्वच्छ उमटतो. पण ती भावंडे तोंडवळ्याने अगदी एक. पान, भान आणि मान आरशासमोर उच्चारून पाहावे. संदर्भावरून जे जुळेल ते घ्यावयाचे. साहेबांच्या मिशांपुढे मात्र ही विद्याही लंगडी पडली, आणि न कळता मान डोलावून आम्ही एका चौकशी समितीचे सभासदत्व पत्करून बसलो.

घरी मान डोलावून भागत नाही. "काय म्हणालीस?" असे तिसऱ्यांदा विचारले की सौ. म्हणते, "काही नाही, जाऊ द्या." शेजारच्या बंगाली बाईंची गंमत, गावाकडून फोनवर आलेली बातमी, असे किती जाऊ दिले गेले असेल! त्या 'काही'तला क कंठ्य, ओठांवर न दिसणारा. तरी ते वाक्य आम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही अचूक वाचतो.