कुलूप आणि किल्ली

२०११ च्या सुरुवातीस माझ्या अँड्रॉइड फोनवर बाबांची मराठी पत्रे उघडली, की अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसत. त्यात देवनागरी टंकच नव्हता. तो बसवायचा, तर फोन ‘रूट’ करून निर्मात्याने बंद ठेवलेला भाग उघडणे भाग होते. मी तो उघडला. चौकोनांची अक्षरे झाली. जोडाक्षरे मात्र फुटलेली, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडलेली. तरीही बाबा वाचता आले.

मग हाव सुटली. दुसरी प्रणाली चढवताना फोनची ‘वीट’ झाली आणि त्यातले बाबांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण गेले. प्रत ठेवली नव्हती. हमी तर रूट करतानाच गमावली होती.

कुलूप निरर्थक नसते. २००९ साली ‘आयकी’ हा किडा बंधमुक्त आयफोनांत शिरला, तो मालकांनी मूळचा परवलीचा शब्द न बदलल्यामुळे. वस्तू माझी, तर किल्लीही माझ्याकडेच हवी, असे मला आजही वाटते; पण मग राखणही मलाच करावी लागते, हे मला उशिरा उमगले.

२०११ च्या ऑक्टोबरात आलेल्या अँड्रॉइड ४.० मध्ये देवनागरी होती. बाबा तोवर राहिले नव्हते.