त्रिपुरी पौर्णिमेचा सामना

बाबांना सौदीला बोलावलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "तिथं येऊन करू काय? एसीत बसून टीव्ही बघायला कोल्हापूर काय वाईट आहे?" आईला नातीची ओढ, पण बाबा जागचे हलत नव्हते. वय ७६, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. आणखी दोन-तीन वर्षं गेली की बोलावण्यातही अर्थ उरणार नाही, हे आम्हा दोघा नवरा-बायकोला कळत होतं.

मग १५ ऑगस्ट २०२५ ला एएफसी चॅम्पियन्स लीग टू या स्पर्धेची गटवारी जाहीर झाली. एफसी गोवा आणि रियाधचा अल नस्र एकाच गटात! परतीचा सामना ५ नोव्हेंबरला रियाधमध्ये. मी कोल्हापूरला फोन लावला. बाबा म्हणजे पेठेतला माणूस. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही नावं आमच्या घरी नातेवाइकांसारखी घेतली जातात. शाहू स्टेडियमवरचा महत्त्वाचा सामना त्यांनी कधी चुकवलेला नाही. फोनवर थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "गोवा म्हणजे आपल्या घाटाखालचीच पोरं की. पासपोर्ट कुठं ठेवलाय गं?"

हातात ८२ दिवस होते. इकामा असलेल्याला आई-वडिलांसाठी फॅमिली व्हिजिट व्हिसा काढता येतो, त्याचा अर्ज मी इथून केला. बोटांचे ठसे द्यायला मात्र त्यांना मुंबईला जावंच लागलं. डॉक्टरांनी एकच अट घातली, सलग फार वेळ बसायचं नाही. म्हणून दिवाळीला खोबरला यायचं, दोन आठवडे विसावा घ्यायचा आणि मगच रियाधला जायचं असं ठरवलं. शिवाय खोबर ते रियाध गाडीने न जाता दम्मामहून रेल्वेने. ही रेल्वे १९५१ पासूनची. डब्यात उठून चार पावलं चालता येतं, गुडघे आखडत नाहीत. वाटेत हुफूफला अल-अहसाच्या खजुरीच्या बागा लागतात. आईने केलेल्या दशम्या तिथवर पोचेपर्यंत संपल्या होत्या.

त्याआधी, २२ ऑक्टोबरला, पाडव्याच्या दिवशी मडगावच्या फातोर्डा मैदानावर पहिला सामना झाला. आम्ही सगळे टीव्हीसमोर. रोनाल्डो भारतात आलाच नाही. ब्रायसन फर्नांडिसने गोल केला, पण गोवा १-२ असा हरला. आमच्या लेकीचा चेहरा उतरला. तिच्या लेखी हा सगळा बेत रोनाल्डोसाठी होता, आणि रियाधला तरी तो खेळेल याची हमी काय? पाच जणांची तिकिटं, हॉटेल, माझी रजा, सामना बुधवारी म्हणजे तिची शाळाही बुडणार. "पैसे वाचवू या का?" हिने हळूच विचारलं. खरं तर मीही डळमळलो होतो.

बाबा नातीला म्हणाले, "बाळ, कोल्हापुरात आम्ही माणूस बघायला जात नाही, सामना बघायला जातो. एक खेळाडू नाही म्हणून कुणी घरी बसलंय का आजवर?" नात लगेच म्हणाली, "आजोबा, पण तुम्ही तर तुमच्या तालमीला बघायला जाता." बाबा हसले. "बरोबर आहे. मग या खेपेला आपली तालीम गोवा." तिकिटं त्याच रात्री मोबाइलवर काढली.

सामना अल-अव्वल पार्कवर होता. हे किंग सौद विद्यापीठाच्या आवारातलं सुमारे २५ हजार आसनांचं मैदान. अॅथलेटिक्सचा ट्रॅक मध्ये नसल्याने खेळ अगदी जवळून दिसतो. रियाध मेट्रोची लाल मार्गिका विद्यापीठाच्या स्थानकापर्यंत जाते. ४ रियालच्या तिकिटात दोन तास फिरता येतं, आणि कुटुंबांसाठी वेगळा डबा असतो. पुढचं अंतर बाबांना झेपणार नव्हतं, म्हणून स्थानकातून टॅक्सी केली.

त्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा होती. कोल्हापूरला पहाटे पंचगंगेच्या घाटावर दिवे लागतात, त्यांची आठवण काढत आईने हॉटेलच्या खोलीत एक छोटी पणती लावली होती. पन्नास वर्षं फुटबॉलवेड्या माणसाशी संसार करूनही तिने मैदानात पाऊल टाकलं नव्हतं. सौदीतही २०१८ च्या १२ जानेवारीपर्यंत बायकांना मैदानात प्रवेश नव्हता. तो पहिल्यांदा मिळाला जेद्दामध्ये. आमच्या पुढच्या रांगेत अबाया घातलेल्या तिघी बहिणी पिवळे मफलर गुंडाळून घसा फोडून ओरडत होत्या. आई जरा वेळ बघत राहिली आणि मग गोव्याच्या पोरांसाठी तिनेही आवाज लावला. त्या तिघी मागे वळल्या, हसल्या, आणि एकीने तिच्या हातावर खजूर ठेवले.

गोवा ०-४ हरला. रोनाल्डो मैदानात उतरला नाही. त्याचं दुःख नातीला पहिली वीस मिनिटं होतं. मग आजोबा तिला बचावाची फळी कशी मागे-पुढे सरकते ते बोटाने दाखवू लागले आणि ती प्रश्न विचारू लागली. शिट्टी वाजल्यावर बाबा म्हणाले, "चार खाल्ले खरे, पण शेवटपर्यंत पळत होती पोरं." दुसऱ्या दिवशी दिरिया बघायचं ठरलं होतं, पण बाबांचे पाय सुजले होते. आई, नात आणि ही तिघी अत-तुरैफच्या मातीच्या वाड्यांत फिरून आल्या. आम्ही बापलेक खोलीत चहा पीत बसलो. इतका निवांत वेळ आम्हाला कितीतरी वर्षांनी मिळाला.

आपल्यापैकी कुणी गावाकडच्या माणसांना असं आणणार असेल तर एवढं सांगेन. तारीख आधी पक्की होऊ द्या, सामन्यांच्या तारखा सरकतात. म्हणून हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. वृद्धांना सामन्याआधी आणि नंतर एकेक दिवस मोकळा ठेवा. नोव्हेंबरात रात्री गारवा असतो, शाल हवीच. आणि बेत एकाच खेळाडूच्या नावावर बांधू नका.

बाबा परत गेले. आता लेक दर आठवड्याला त्यांना फोन करते आणि पहिला प्रश्न असतो, "पाटाकडील जिंकली का?"