खरा, पण उघड न झालेला

महाराष्ट्रात एखाद्या खुनाचा छडा लागला नाही, तर तपास अधिकारी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे ‘अ समरी’ मागतो. गुन्हा घडला हे खरं, पण कोणी केला ते उघड झालं नाही, असा तो अहवाल. मंजुरी मिळाली की फाइल रेकॉर्ड रूममध्ये जाते. पण खुनाला मुदत नसते. नवा पुरावा हाती आला तर वीस वर्षांनीही तपास पुढे नेता येतो.

पोलिसी कादंबऱ्या लिहिणाऱ्या मला ही तरतूद कुठल्याही रहस्यापेक्षा मोठी वाटते. फाइल पुन्हा उघडते तेव्हा कागद तेच असतात, जग बदललेलं असतं. पंच म्हणून सही केलेला पानवाला गाव सोडून गेलेला असतो. पंचनाम्याच्या चतुःसीमेत ‘पूर्वेस पडीक जागा’ लिहिलेलं असतं, तिथे आता मंगल कार्यालय उभं असतं. शाळकरी साक्षीदार मुलगी दोन मुलांची आई झालेली असते आणि सासरच्या माणसांसमोर तिला तो जबाब आठवायचा नसतो. फिर्यादी बाप मात्र अजून दर दिवाळीआधी ठाण्यात येऊन जातो. नवीन साहेब आले की पहिल्यापासून सगळं सांगतो. मला लिहायचं असतं ते या येण्याजाण्याबद्दल.

आमचं वाचन बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडावर पोसलं. तो वेग मला आजही प्रिय आहे. पण जुन्या प्रकरणाच्या कादंबरीला तो चालत नाही. तिथे अधिकाऱ्याचं वय व्हावं लागतं.

आणि त्याचं दुःखही त्याच फाइलमधून यावं लागतं. दारू, मोडलेला संसार, न बोलणारी मुलगी हे सगळं पहिल्याच प्रकरणात अधिकाऱ्याच्या अंगावर चढवायची रीत पडली आहे. मला ती मान्य नाही. माणूस का पितो हे तपासाच्या ओघात कळलं नाही, तर ते पिणं कादंबरीत नसलेलंच बरं.

यासाठी मी पुन्हा पुन्हा 1965 च्या ‘रोझॅना’कडे जातो. माय श्योवाल आणि पेर वाल्यो या स्वीडिश जोडप्याची ही मार्टिन बेक मालिकेतली पहिली कादंबरी. मोतालाजवळ योटा कालव्यातला गाळ उपसताना एका तरुणीचा मृतदेह वर येतो. अंगावर कपडा नाही, ओळख नाही. ती कोण हे कळायलाच महिने जातात. ती अमेरिकेतल्या नेब्रास्काची, प्रवासी बोटीवरून आलेली. मग बोटीवरच्या पर्यटकांनी काढलेले फोटो देशोदेशींहून मागवले जातात. बेक आणि त्याचे सहकारी अनोळखी लोकांच्या सुट्टीच्या आठवणी चाळत बसतात. कुणाच्या तरी हौशी चित्रफितीत अखेर ती दिसते, एका पुरुषाबरोबर.

पण मला थांबवतात ती पानं वेगळीच आहेत. तिच्या गावचे पोलीस तिच्या मैत्रिणीचा आणि एका माजी प्रियकराचा जबाब पाठवतात. नुसते प्रश्न आणि उत्तरं. ती कशी राहायची, काय वाचायची, माणसांशी कशी वागायची. ते वाचता वाचता प्रेताची बाई होते. बेकला पोटाचा त्रास आहे, घरात बोलणं उरलेलं नाही, रिकाम्या वेळात तो जहाजांच्या प्रतिकृती बनवतो. लेखकांनी यातलं काहीही ताणलेलं नाही. तो थकतो तो ती माणूस झाल्यामुळे, हे आपल्याला न सांगता समजतं. इतकी शिस्त माझ्या लेखणीला यावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

टाना फ्रेंच या आयरिश लेखिकेनं 2007 च्या ‘इन द वूड्स’मध्ये याहून कठीण गोष्ट केली. तपास करणारा रॉब रायनच लहानपणीच्या एका प्रकरणातून वाचलेला मुलगा. त्याचे दोन सवंगडी 1984 मध्ये रानात गेले ते परतले नाहीत. नव्या खुनाचा उलगडा होतो, जुनं प्रकरण तसंच राहतं. काही वाचकांना याचा राग येतो. मी लेखिकेच्या बाजूचा आहे. ती गाठ सुटली असती तर रॉब जसा आहे तसा का झाला, याला काही वजनच उरलं नसतं.

सध्या लिहितोय त्या कादंबरीत मी तिसरी वाट धरली आहे. माझ्या सहायक निरीक्षकाला आरोपी सापडतो, पण तो चार वर्षांपूर्वीच वारलेला. मयत माणसावर खटला चालत नाही. अहवाल जाईल आणि कामकाज तिथेच संपेल. त्याआधी त्याला त्या बापाच्या घरी जाऊन हे सांगायचं आहे. तो प्रसंग मी जबाबाच्या भाषेत लिहून पाहतोय, ‘विचारले वरून सांगतो की’ अशा सुरुवातीचा, फक्त जबाब देणारा या खेपेस पोलीस आहे आणि प्रश्न विचारतोय तो बाप.