खोली

"मामा, खोली केवढी ठेवू?" भाच्याने फोनवर विचारलं. भोरला ताईच्या घराचं वरच्या मजल्याचं काम चाललेलं, तेव्हा मी म्हटलं, "बारा बाय दहा तरी ठेव. पाहुणे आले तर अंथरूण घालायला नको का?" पलीकडून हसण्याचा आवाज. "मामा, पाण्याची खोली हो. माशांच्या टाकीची!"

मराठीत राहायची जागाही खोली आणि पाण्याचं माप तेही खोलीच. आजवर या दोन शब्दांची एकमेकांशी गाठ पडलेली मला कधी दिसली नव्हती. त्या दिवशी पडली.

मासा साधासुधा नव्हता. भाच्याला हवा होता एम्परर एंजल. पिल्लू असताना गर्द निळ्या अंगावर पांढरी वर्तुळं, पाण्यात खडा टाकल्यावर उठावीत तशी एकात एक. मोठं झालं की ती सगळी पुसून जातात आणि निळ्यावर पिवळे आडवे पट्टे येतात. थोरला एंजल आपल्या हद्दीत आपल्यासारख्या पट्ट्यांचा दुसरा मासा खपवून घेत नाही. पिल्लाचा वेश वेगळा असल्यामुळे ते वाचतं, असं म्हणतात. दुकानात मिळतो तो तीन इंचांचा, वाढतो चांगला सव्वा फुटापर्यंत. म्हणजे टाकी घ्यायची ती आजच्या माशासाठी नव्हे. शाळेचा गणवेश आई वाढत्या अंगाचा शिवते, पहिलं वर्षभर बाह्या दुमडून घालावा लागतो, तसं हे.

आता प्रश्न खोलीचा. भाच्याचं म्हणणं, एंजल अंगाने उभट, ताटासारखा चपटा. परांसकट त्याची उंचीही फूटभर होईल. तेव्हा टाकी तीन फूट तरी खोल हवी. ऐकायला बरोबर वाटतं. पण हा मासा समुद्रात राहतो तो उथळ खडकांपासून थेट शंभर मीटर खाली. आमच्या भाटघर धरणाची भिंत पायापासून सुमारे ५८ मीटर. ती पुरती बुडेल एवढ्या पाण्याखाली आरामात फिरणाऱ्या जिवाला दोन फूट काय अन् तीन फूट काय! पाण्याची खोली त्याला पुरवणं आपल्या हातात नाहीच. त्याला लागते ती दुसरी खोली. सरळ सूर मारायला लांबी, न घासता वळायला रुंदी, रात्री अंग चोरून बसायला कपार. दगडांच्या भिंतीलगत हिंडत स्पंज कुरतडणारा हा मासा. विहिरीसारखी अरुंद, उंच टाकी त्याच्या काय कामाची?

आणि उंचीची किंमत काचेला मोजावी लागते. सहा फूट लांब टाकीत दोन फूट पाणी भरलं, तर समोरच्या काचेवर साधारण ३५० किलोंचा रेटा येतो. सहाच इंच वाढवा, तो ५४० च्या घरात जातो. गंमत अशी की टाकी मागे कितीही रुंद करा, पुढच्या काचेला त्याचा पत्ता नसतो. तिला कळते ती फक्त पाण्याची उंची. धरणाचंही तेच. जलाशय मागे वेळवंडी नदीच्या खोऱ्यात किती मैल पसरलाय याच्याशी भिंतीला देणंघेणं नाही. भिंतीपाशी पाणी किती चढलं, एवढाच तिचा हिशेब. म्हणून तर धरणाची भिंत पायाशी जाड आणि माथ्याला निमुळती. शेजारच्या वेल्ह्यात पानशेत धरणाचं काम पुरं व्हायच्या आत पाणी चढत गेलं, धरण फुटलं आणि १२ जुलै १९६१ ला पुण्याला तो हिशेब कळला. भोर-वेल्ह्याच्या माणसाला पाण्याची उंची ही नुसती पुस्तकातली गोष्ट राहिलेली नाही.

शिवाय आमच्याकडची वीज. पावसाळ्यात एकदा गेली की कधी येईल ते महावितरणलाच ठाऊक. पंप थांबला की पाण्यात हवा मिसळते ती केवळ वरच्या पृष्ठभागातून. उंच टाकीत पाणी वाढतं, पृष्ठभाग तेवढाच राहतो. रुंद टाकीचं तोंड मोठं, म्हणून तिला श्वास जास्त.

मिठाचंही गणित मांडलं. सहा फूट लांब, अडीच रुंद, दोन उंच म्हणजे साडेआठशे लिटर पाणी. लिटरला ३५ ग्रॅम धरलं तर तीस किलो मीठ. एके काळी कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवरून घाटवाटा चढून मावळात यायचं. आता ते बादलीत बंद होऊन कुरिअरने येणार, आणि त्यामागोमाग समुद्रही. वरंध घाट उतरून खरा समुद्र गाठता येतो, हे मी भाच्याला सांगितलं नाही. हौसेला असलं काही सांगू नये.

मे महिन्यात आम्ही कांबरे गावाकडे गेलो. तिथलं कांबरेश्वराचं देऊळ वर्षातले बहुतेक महिने भाटघरच्या पाण्याखाली असतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं. भेगाळलेल्या गाळावरून चालत आम्ही दारापाशी पोचलो. दगडांवर सुकलेल्या चिखलाचा करडा लेप. भाचा वर बघून म्हणाला, "उंच आहे हो देऊळ!" आणि माझ्या मनात आलं, चार महिन्यांनी याच जागेला आपण खोल म्हणू. देऊळ तेच. बाहेर उभा असतो तो उंची म्हणतो, आत असतो तो खोली म्हणतो. दुकानदार टाकीची उंची सांगत होता. मासा आत राहणार होता. धरणाच्या कागदांवरही भिंतीची उंची लिहिलेली असते. खाली ज्यांची घरं, शेतं, उंबरे राहिले, त्यांच्या तोंडी मात्र खोलीच असणार, दोन्ही अर्थांनी.

शेवटी माप ठरलं ते ताईमुळे. भाचा नोकरीला पुण्यात, येणार शनिवारी-रविवारी. मग मधल्या दिवसांत तळाची घाण काढणार कोण, काच पुसणार कोण? ताई काही न बोलता उठली. बांगड्या वर सारून तिने टेबलाला खेटून हात खाली सोडला आणि म्हणाली, "मोज."

काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत पंचवीस इंच भरले.

टाकी दोन फुटांची आली.