मागच्या चाकाचं तेल

मामांच्या व्हॅनच्या डाव्या मागच्या चाकाखाली तेल गळत होतं. मामांनी तिथे जुना तमिळ पेपर अंथरला होता आणि रोज सकाळी ते तो बदलत होते. त्यांच्या दृष्टीने तेवढ्यावर प्रश्न मिटला होता.

मी पुण्याहून कुंभकोणमला गेलो होतो ते खरं तर गाडी विकायला लावण्यासाठी. मामा ७६ वर्षांचे. मामींचे डोळे दाखवायला दर महिन्याला तंजावरला जातात, जवळजवळ ४० किलोमीटर, स्वतः चालवत. ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते, असं मामी फोनवर आईला म्हणाल्या आणि आईने मला पिटाळलं.

महामहम तळ्यामागच्या गॅरेजात मेकॅनिकने चाक उतरवून ड्रम काढला. आत सगळं काळं, चिकट. त्याने बोटाला तेल लावून हुंगलं. ब्रेक ऑइल असतं तर वास वेगळा आला असता; हा गंधकासारखा उग्र दर्प गियर ऑइलचा. मागच्या आसाच्या पोकळ नळीत ते भरलेलं असतं आणि शाफ्टभोवतीचं रबरी सील त्याला चाकाकडे येऊ देत नाही. इथे सील हरलं होतं. ब्रेकचे लायनर तेलाने भिजले होते, म्हणून डावं चाक धरतच नव्हतं.

"रायर," मेकॅनिक मामांना म्हणाला. (तंजावरकडच्या आम्हा मराठी ब्राह्मणांना इथे असंच म्हणतात.) पुढचं त्याचं तमिळ मला कळलं नाही. मामांनी सांगितलं, "हे तिसरं सील. तो म्हणतो, जुन्या बाजारातून अख्खा अच्चुच आणून बसवू." अच्चु म्हणजे आस.

मला आयती संधी मिळाली. म्हटलं, "मामा, देवाच्या रथांचेसुद्धा आस बदलतात. तिरुचिरापल्लीच्या भेलने कितीतरी मंदिरांच्या रथांना पोलादी आस आणि चाकं करून दिली. तुम्ही एक तर आस बदला, नाहीतर गाडी."

"देवाला मागे हजार माणसं ओढायला असतात," मामा म्हणाले. "मला तुझी मामी एकटी." आणि त्यांनी डॅशबोर्डच्या खणातून वही काढली.

ही वही मी लहानपणापासून बघतोय आणि मला तिच्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. भाषा मराठी, लिपी तमिळ. तंजावरचं भोसल्यांचं राज्य १८५५ मध्ये संपलं. त्यानंतर ज्या घरांत मराठी बोलणं टिकलं, त्यांतल्या कित्येकांना शाळेत देवनागरी भेटलीच नाही. मामांनाही नाही. ते वाचत गेले, मी ऐकत गेलो. अकरा वर्षं पेट्रोल, टायर, तेल. गळतीचं नाव नाही. मग: खालून गंज लागू नये म्हणून काळा रंग मारून घेतला. त्यानंतर चार महिन्यांनी पहिलं सील. सात महिन्यांनी दुसरं.

मामा थांबले. तीच ओळ त्यांनी मेकॅनिकला तमिळमध्ये पुन्हा वाचून दाखवली. तो काही न बोलता टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला.

आसाच्या नळीवर वरच्या बाजूला एक छोटी टोपी असते, ब्रीदर. गाडी धावली की तेल तापतं, आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते. ती वाट बुजली की दाब सीलवर येतो, मग सील कितीही नवं असो. टोपीवर काळ्या रंगाचा जाड थर होता. मेकॅनिकने सुईने भोक मोकळं केलं, पण तेवढ्यावर सोडलं नाही. जुन्या सीलच्या ओठाने शाफ्टवर बारीक चरा पाडला होता. नवं सील त्याने किंचित आत बसवलं, म्हणजे ओठ गुळगुळीत जागी टेकेल. लायनर दोन्ही बाजूंचे बदलले. एकाच बाजूचे बदलले असते तर गाडी पुन्हा ओढली असती.

संध्याकाळी ब्रेक बघायला चार किलोमीटरवरच्या दारासुरमला गेलो. तिथल्या ऐरावतेश्वर मंदिराचा पुढचा मंडप दुसऱ्या राजराज चोळाने रथासारखा बांधलाय, बाजूला दगडी चाक, दगडी घोडे. जाताना मी चालवत होतो. येताना मामांनी किल्लीसाठी हात पुढे केला आणि मी दिली. त्यांनी एका सायकलवाल्यासाठी ब्रेक मारला. गाडी सरळ थांबली. मीच जरा पुढे कलंडलो.

सकाळी पेपर कोरडा होता. मामांनी तरीही नवा अंथरला आणि वहीत दोन ओळी लिहिल्या. मी विचारलं, काय लिहिलंत? म्हणाले, "सील, लायनर, ब्रीदर. आणि तू आला होतास ते."

बसमध्ये आईचा फोन आला. विकली का?

"सील बदललं," मी म्हणालो.