करडीची जागल

शिकार हा माझ्यासारख्या भातखाऊ पेन्शनराचा विषय नव्हे, हें प्रथमच कबूल करतों. अमरकोशांतील वराहाचीं नांवें मीं पस्तीस वर्षें मुलांकडून घोकून घेतलीं. परंतु ‘भूदार’, म्हणजे भूमि विदारण करणारा, या नांवाचा खरा अर्थ मला कळला तो गेल्या कार्तिकांत, भंडारा जिल्ह्यांतील करडी या गांवीं.

करडी हें मोहाडी तालुक्यांतलें गांव. भंडाऱ्याहून निघून कारध्यास वैनगंगा ओलांडली, कीं तळीं आणि धानाच्या बांध्या यांचा मुलूख लागतो. पलीकडे कोक्याचें रान. 2013 सालीं या रानास अभयारण्याचा दर्जा मिळाला. वाघ, बिबळे आणि रानकुत्रीं यांची तेथें वस्ती आहे. माझा एक जुना विद्यार्थी करडीस शेती करतो. त्याच्या आग्रहावरून चार दिवस विश्रांतीसाठीं म्हणून गेलों, आणि पहिलीच रात्र त्याच्यासह शेतांतील मचाणावर जागून काढली.

धान कापणीस आलें होतें. खालीं शेकोटी, हातांत टॉर्च, आणि वाजविण्यास एक रिकामा डबा, एवढीच आमची शस्त्रसामग्री! मध्यरात्रीच्या सुमारास बांधीच्या टोंकाला सळसळ झाली. टॉर्च टाकतांच दहाबारा काळ्या पाठी दिसल्या. डबा वाजला, आरोळ्या झाल्या, पाठी नाहींशा झाल्या, आणि तासाभरानें दुसऱ्या टोंकाला पुन्हां तीच सळसळ! सकाळीं पाहतों तों नांगर फिरवावा तसे धुरे उकरलेले. डुकरांनीं खाल्लें थोडें, तुडविलें फार.

कालिदासाच्या दुष्यंतानें शिकार थांबविली, तेव्हां डबक्यांतील मुस्ता, म्हणजे आपला नागरमोथा, रानडुकरांस निर्धास्त उकरूं देण्याची त्यानें आज्ञा केली. शाकुंतल शिकवितांना मीं त्या शांतीचें पोटभर कौतुक केलें होतें. डबक्याच्या जागीं कोणाची बांधी असेल, हें मात्र कधीं मनांत आलें नाहीं.

विद्यार्थ्याचा पुतण्या जर्मनींत नोकरीस असून दिवाळीसाठीं घरीं आला होता. तो म्हणाला, “गुरुजी, तिकडेही हेंच जनावर, आणि तिकडेही मचाणच!” तिकडील रानांत शरद-हेमंतांत हांका होतो, माणसें व कुत्रीं रान उठवितात, आणि लांकडी माळ्यांवर बसलेले शिकारी बंदुका झाडतात. पूर्वीं ही शिकार भाल्यानें होई. डुक्कर भाला अंगांत घेऊन तसेंच चाल करून येई, म्हणून पात्याखालीं आडवी दांडी बसवीत. आजही शिकार संपल्यावर मेलेलीं जनावरें ओळीनें मांडून शिंग फुंकतात आणि त्यांच्या तोंडांत झाडाची डहाळी, अखेरचा घास म्हणून, ठेवतात. 2019-20 च्या एका हंगामांत जर्मनींत सुमारें 8 लक्ष 80 हजार डुकरें मारलीं गेलीं. तरी तीं हटलीं नाहींत. कारण मक्याचीं शेतें आणि ओक-बीचचीं फळें यांवर पोसलेल्या माद्या पहिल्याच वर्षीं वितात, आणि हिवाळेही पूर्वीइतके कडक राहिले नाहींत.

या साऱ्या हकीकतींत मला नवल वाटलें तें एका कलमाचें. तिकडे रानाच्या शिकारीचा हक्क जो मक्त्यानें घेतो, त्यालाच बहुधा करारानें शेतकऱ्याची नुकसानी भरून द्यावी लागते. रानाचें सुख ज्याचें, शेताचें देणेंही त्याचें!

आपल्याकडे 1972 च्या कायद्यानें शिकारीस बंदी आली, ती योग्यच झाली. माझा विद्यार्थीही म्हणतो, “वाघ राहिला तरच डुक्कर आवरतं, गुरुजी.” पिकाच्या नुकसानीची भरपाई आहे, 2015 पासून अर्ज केल्यास पिकांत शिरणारें डुक्कर मारण्याची परवानगीही मिळूं शकते. पण बंदूक किती जणांकडे? यानेंही अर्ज केला, पंचनामा झाला. हातीं पडलें तें रोवणीच्या मजुरीसही पुरलें नाहीं.

त्याच्या पडवींत तारेचें एक नवें वेटोळें मीं पाहिलें. विचारलें तेव्हां तो खालीं पाहूं लागला. कोणीतरी आणून दिलें होतें. कुंपणाच्या अशा तारेंत चोरून वीज सोडतात. 2017 सालीं नागभीडकडे ‘श्रीनिवास’ नांवाचा वाघ अशाच तारेनें मेला. माणसेंही मरतात. जर्मनींतील शिकाऱ्याला निदान समोर काय आहे तें पाहून चाप ओढावा लागतो. तार मात्र डुक्कर, वाघ आणि मनुष्य यांत भेद करीत नाहीं.

“मग लावली कां नाहींस?” मीं विचारलें.

“रात्रीं पोरगाच धुऱ्यानं डबा घेऊन येतो, गुरुजी.”

मीं पुढें कांहीं बोललों नाहीं. उपदेश करण्याचा अधिकार पस्तीस वर्षें गाजविला. पण एका रात्रीच्या जागरणानें तो पुन्हां मिळविला, असें वाटेना. निघण्याच्या दिवशीं त्या तारेचा एक लांब तुकडा अंगणांत धुणें वाळविण्यासाठीं बांधलेला दिसला. उरलेलें वेटोळें पडवींत तसेंच होतें.

वाचकहो, अभयारण्य आपणां सर्वांचें आहे. त्याचें देणें मात्र रानाकांठचा एकटा शेतकरी रात्र रात्र जागून फेडीत आहे. घरीं परतल्यावर पहिल्या दिवशीं पानांत भात पडला, तेव्हां चित्राहुतीचा हात क्षणभर थांबला. त्या शितांमागची जागल मीं एकदांच केली होती. करडींत ती अजून चालूच होती.