सावलीतले अंगण

बारामतीच्या आमच्या घरामागे वडिलांनी लावलेला कडुनिंब आहे. त्याची सावली आता सगळ्या परसावर पडते. वडील गेल्यानंतर आई तिथे मोगरा लावू लागली. तिचे माहेर जुन्या पळसदेवचे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याखाली ते गाव गेले आणि अंगणातला मोगराही गेला. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तिथले जुने देऊळ वर येते. अंगण काही येत नाही.

सावलीत मोगऱ्याला पाने येत, कळी धरत नसे. तीन रोपे अशी वाया गेल्यावर मी कडुनिंबाच्या दोन मोठ्या फांद्या उतरवायचे ठरवले. आई म्हणाली, ‘‘अरे, एक अंगण पाण्यात गेलं. दुसऱ्यातलं झाड माझ्यासाठी पाडू नकोस.’’ प्रश्न तिथेच थांबला, सुटला मात्र नाही.

इंदापूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतल्या माळ्याने वाट दाखवली. ‘‘सर, फुलांचा नाद सोडा, पानं लावा.’’ मी क्रोटन, कोलियस आणि कॅलेडियम घेऊन आलो. डिफेनबॅकिया तेवढा टाळला. त्याचे पान चावले तर तोंड सुजते आणि घरी लहान मुले येतात.

पहिली चूक क्रोटनची झाली. ‘सावलीतली झाडे’ म्हणून मी तो थेट बुंध्याशी लावला. दोन-तीन महिन्यांत नवी पाने निव्वळ हिरवी येऊ लागली. क्रोटनचे लाल-पिवळे रंग उजेडावर पोसतात, हे उशिरा कळले. त्याला सकाळचे ऊन लागणाऱ्या कडेला हलवले. रुसल्यासारखी काही पाने त्याने गाळली आणि मग रंग धरला. गर्द सावलीची जागा कॅलेडियमला दिली. पांढऱ्या पानांवर हिरव्या शिरा असलेला, आपल्या अळूचाच हा दूरचा दक्षिण अमेरिकी भाऊबंद.

हिवाळ्यात तोही माना टाकून नाहीसा झाला. मी कुंडी रिकामी करायला निघालो तेव्हा आईने हात धरला. ‘‘अळूच्या जातीचं आहे ना? मग खाली कंद असेल. पाणी तोड आणि थांब.’’ वनस्पतिशास्त्राचे एकही पुस्तक न वाचलेल्या आईने कुंडी कोरडी ठेवून जिन्याखाली सरकवली. जूनमध्ये मातीतून गुंडाळलेले पान वर आले.

त्याच सुमारास वर्गात मोरोपंत शिकवत होतो. १७२९ ते १७९४ हा त्यांचा काळ आणि बारामती हीच त्यांची कर्मभूमी, त्यामुळे आमच्या विद्यार्थ्यांना ते गावचे वाटतात, पण आवडतात असे नाही. त्यांच्या ‘निरोष्ठ रामायणा’त ओठांनी उच्चारायची अक्षरे वर्ज्य आहेत. म्हणजे रामाची कथा सांगायची आणि ‘राम’ म्हणायचे नाही! वर्षानुवर्षे मी याला कसरत म्हणून हसत आलो. यंदा हसू आले नाही. पंडिती काव्यात पाने फार, फुले थोडी, हा माझा जुना आक्षेप मी पुरता मागे घेतलेला नाही. परंतु जे वर्ज्य आहे त्याच्याभोवती रचना उभी करणे म्हणजे काय, हे परसात गुडघ्यावर बसून थोडे उमगले होते.

आईचा प्रश्न वेगळा होता. ‘‘देवाला काय वाहायचं?’’ मी तुळस, बेल, दूर्वा अशी यादी सुरू केली. गणपतीची पत्रीही पानांचीच, हे सांगितले. ती म्हणाली, ‘‘ते मला ठाऊक आहे रे. वास कुठून आणशील?’’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मोगऱ्याची एक कुंडी आता गच्चीवर उन्हात आहे. तिला कळ्या येतात, पण आईला जिना चढवत नाही. मी सकाळी ओंजळभर फुले खाली आणून देतो.

मोतीबिंदूमुळे तिला आता रंग नीट ओळखता येत नाहीत. तरी संध्याकाळी ती परसाच्या पायरीवर बसते. अंधारताना क्रोटनचा लाल आधी विझतो, मग पिवळा. पांढरा कॅलेडियम सर्वांत शेवटपर्यंत दिसत राहतो. तो दिसेनासा झाला की ती उठते आणि देवाजवळ दिवा लावते.